आगोट, बावटा आणि निळी ताडपत्री

कोकणात वादळासाठी म्हणून वेगळी साठवण कुणी करत नसे. करायची ती आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. अक्षय्य तृतीया उलटली की घराघरांत याद्या सुरू व्हायच्या आणि मिरगाच्या (मृग नक्षत्राच्या) आत सगळं माळ्यावर, पिंपात, फडताळात जाऊन बसायचं. तांदूळ, कुळीथ, मीठ, आमसुलं, सांडगे-पापड, फणसाची साठं; मासळी खाणाऱ्या घरांत सुके बोंबील, जवळा, सोडे. सुकटीला पावसाळी वारं लागलं की बुरशी धरते, म्हणून मे महिन्याच्या उन्हात ती पुन्हा एकदा कडकडीत वाळवायची आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरायची. फणसाच्या आठळ्यांना ओली माती चोपडून अंधाऱ्या कोपऱ्यात रचायचं; भर पावसात त्याच भाजीला. गोव्यात या बेगमीला पुरुमेंत म्हणतात. शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. मडगावच्या होली स्पिरिट चर्चचं फेस्त तर पुरुमेंताचं फेस्त म्हणूनच ओळखलं जातं.

या खटाटोपामागचं कारण साधं होतं. चार महिने नद्या भरलेल्या, खाड्यांवर पूल नाहीत, मुंबईच्या बोटी बंद. घरात असेल तेच खायचं. कोठीइतकंच महत्त्व शाकारणीला. गडी कौलांवर चढून वळचणीपासून आढ्यापर्यंत कौलं चाळायचा, फुटकं काढून धड बसवायचा. पडवीला माडाची झापं बांधायची, झड आत येऊ नये म्हणून. कोळीवाड्यातही क्रियापद हेच: होड्या वर ओढून शाकारल्या. पण या सगळ्या तयारीत एक गोष्ट गृहीत होती. छप्पर गळेल, पण जागेवर राहील.

हे गृहीतक अगदीच भाबडं नव्हतं. बंगालच्या उपसागराच्या मानाने अरबी समुद्रात चक्रीवादळं कमी होतात, आणि झालेल्यांतली बरीचशी ओमानकडे किंवा गुजरातकडे निघून जातात. (१८८२च्या जूनमध्ये मुंबईत चक्रीवादळाने लाखभर माणसं मेल्याची कथा इंटरनेटवर फिरते. त्या काळच्या कागदपत्रांत तिचा मागमूस नाही. लाख माणसं मेली असती तर मुंबईच्या वर्तमानपत्रांनी दुसरं काही छापलंच नसतं.) खरी वादळं आली ती बहुतेक पावसाळा सरल्यावर. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईला झोडपणारं, आणि ११ नोव्हेंबर २००९चं फयान. फयानने घेतलेल्या बळींत समुद्रावर गेलेले मच्छीमार होते. 

इशारा देण्याची व्यवस्थाही समुद्राकडेच तोंड करून उभी राहिली. १८६४च्या चक्रीवादळाने कलकत्ता उद्ध्वस्त केल्यावर तिथल्या बंदरासाठी १८६५ मध्ये ती सुरू झाली. हवामान खातं १८७५चं. पुढे ही पद्धत पश्चिम किनाऱ्यावरही आली आणि 'तीन नंबरचा बावटा (बंदरावर चढवलेली इशाऱ्याची खूण) लागला' हे वाक्य बंदरावरच्या रोजच्या बोलण्यातलं झालं. बावटा मात्र तांडेलासाठी, होडी हाकणाऱ्यासाठी. तो पाहून कुणी घरात पाणी भरून ठेवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

३ जून २०२०ला हे सगळं मोडलं. मृग चार-पाच दिवसांवर होता. मार्चअखेरपासूनच्या टाळेबंदीमुळे त्या वर्षी बाजार धड भरलेच नव्हते, त्यामुळे आगोट आधीच अर्धवट. दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, ताशी सुमारे ११० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या पट्ट्यात कौलं आणि पत्रे उडाले आणि वरून पाऊस थेट माळ्यावर. जी बेगमी पावसासाठी केली होती, तीच आधी भिजली.

वाड्यांतले माड-पोफळी तारांवर आडव्या झाल्या. कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले, मोबाइलही मुके. मुंबईतल्या चाकरमान्यांना घरची खबर मिळेना. विहिरीत पाणी होतं, पण पंपाला वीज नाही, आणि रहाट बहुतेकांनी कधीच काढून टाकलेला. गॅस आल्यावर रेशनचं रॉकेलही सुटलेलं. जुन्या आगोटीत दोर, पोहरा, कंदील, लाकूडफाटा आपसूक असायचा, त्याला कुणी आपत्कालीन साहित्य म्हणत नसे. म्हणजे वादळाला तोंड देण्याचं जे थोडंफार सामान घरात होतं, ते सुबत्तेने बाहेर काढलं होतं.

पुढच्याच वर्षी तौक्ते. १५-१६ मे २०२१ला ते किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेलं. कोकणात जमिनीवर न चढताही सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या कलमांवरचा आंबा झाडून घेतला. त्या सुमाराला सुकट अजून खळ्यात वाळत असते. मिरग हीच मुदत धरून चालणाऱ्या घरांना सलग दोन वर्षांत कळलं की समुद्र मिरगाची वाट बघत नाही.

आता यादीत भर पडली आहे. पत्रे बांधायला नायलॉनची दोरी, पडलेलं झाड कापायला करवत, चार्ज केलेली पॉवर बँक. आणि मे महिन्यात, सुकटीचं वजन करून झालं की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात वळतं, माळ्यावरच्या पिंपांची लांबी-रुंदी सांगतं आणि तेवढी निळी ताडपत्री कापून घेतं.