पिचरला कधी काढायचं, आणि ते ठरवायचं कुणी?

4 ऑक्टोबर 2023, मिनियापोलिसचं टार्गेट फील्ड. बेसबॉलच्या टोरंटो ब्लू जेज संघाला हा सामना जिंकणं भागच होतं. आदल्या दिवशी मिनेसोटा ट्विन्सनं त्यांना हरवलं होतं, आणि तीन सामन्यांच्या मालिकेत दुसरा पराभव म्हणजे थेट घरचा रस्ता. जेजचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होजे बेरिओस झकास टाकत होता. तीन डावांत एकही धाव नाही, पाच जण स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू मारताच न आल्यानं बाद. चौथ्या डावाच्या सुरुवातीला चार चेंडू पट्ट्याबाहेर गेले आणि रॉयस लुइसला पहिला बेस फुकट मिळाला. लगेच मॅनेजर, म्हणजे मैदानावरचे मुख्य प्रशिक्षक, जॉन श्नायडर मैदानात आले आणि त्यांनी बेरिओसकडून चेंडू मागून घेतला. तोवर त्याचे फक्त 47 चेंडू टाकून झाले होते.

बेसबॉलमध्ये बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. त्यामुळे पिचर बदलणं हा मॅनेजरचा सगळ्यात मोठा आणि मागे न घेता येणारा निर्णय असतो. बेरिओसच्या जागी डावखुरा युसेई किकुची आला. ट्विन्सच्या फळीत डावखुरे बॅटर बरेच होते आणि डावखुऱ्या बॅटरला डावखुरा पिचर सहसा जड जातो, हा त्यामागचा हिशेब. त्याच डावात ट्विन्सनं दोन धावा काढल्या आणि सामना 2-0 असा संपला. जेजचा हंगामही तिथंच संपला.

टोरंटोचे चाहते पराभवापेक्षा वेगळ्याच गोष्टीवर संतापले. हा बदल सामन्याआधीच ठरला होता, हे उघड झालं होतं. तो ठरवला कुणी? जनरल मॅनेजर रॉस ॲटकिन्स यांनी पत्रकारांना सांगितलं की निर्णय श्नायडर यांचा होता. बऱ्याच चाहत्यांना ते पटलं नाही. संघातल्याच व्हिट मेरिफिल्डनं हा निर्णय आपल्याला अजिबात आवडला नसल्याचं उघडपणे सांगितलं आणि असे निर्णय खेळातून मॅनेजरचं काम काढून घेतात, अशी तक्रार केली.

अमेरिकेत याला ‘फ्रंट ऑफिस’चा हस्तक्षेप म्हणतात. फ्रंट ऑफिस म्हणजे जनरल मॅनेजर, त्याच्या वरचे अधिकारी आणि त्यांच्या हाताखालची आकडेतज्ज्ञांची फौज. पूर्वी यांचं काम खेळाडू घेणं-विकणं इतकंच होतं आणि सामना मॅनेजर चालवायचा. 2002 मध्ये ओकलंड अ‍ॅथलेटिक्सनं तुटपुंज्या पैशात, आकडेवारीच्या जोरावर सलग 20 सामने जिंकले. त्यानंतर आकडेतज्ज्ञांचं वजन वाढत गेलं आणि आता सामन्याच्या मधल्या निर्णयांपर्यंत येऊन पोचलं आहे. आपल्याकडच्या क्रिकेटप्रेमींना 2020 च्या डिसेंबरातला केप टाउनचा टी-ट्वेंटी सामना आठवत असेल. इंग्लंडचे विश्लेषक नेथन लीमन बाल्कनीत अक्षर-आकड्यांच्या पाट्या लावून कर्णधार ऑइन मॉर्गनला इशारे देत होते, आणि तेव्हाही हाच वाद पेटला होता.

चाहत्यांचा राग बरोबर आहे का, हे पाहायचं तर आधी आकडे काय म्हणतात ते नीट समजून घ्यायला हवं. कारण आकडे खोटे नाहीत.

नऊ बॅटर ठरलेल्या क्रमानं फिरून फिरून येतात. पिचरला बॅटर पहिल्यांदा भेटतो तेव्हा त्याच्या चेंडूचा वेग, वळण, हात सुटण्याची जागा हे सगळं नवं असतं. दुसऱ्या फेरीला डोळा थोडा सरावतो. तिसऱ्या फेरीपर्यंत बॅटरनं त्याचं बरंचसं भांडार पाहिलेलं असतं, शिवाय पिचरचा हातही दमलेला असतो. सुमारे दोन दशकांपूर्वी टॉम टँगो, मिचेल लिक्टमन आणि अँड्र्यू डॉल्फिन या तिघांनी हा परिणाम मोजला. बॅटरच्या एकूण परिणामकारकतेचा जो निर्देशांक वापरतात, तो पहिल्या फेरीत 0.345, दुसरीत 0.353 आणि तिसरीत 0.362 निघाला.

फरक खरा आहे, पण किती लहान आहे बघा. 0.009 ची वाढ धावांत मांडली तर साधारण सव्वाशे बॅटरमागे एक धाव. एका सामन्यात तिसऱ्या फेरीचे चार-पाच बॅटर येतात. 162 सामन्यांच्या हंगामात अशा बारीक फायद्यांची बेरीज होऊन दोन-चार विजय जास्त पदरात पडू शकतात, म्हणून फ्रंट ऑफिसला ते मोलाचे वाटतात. एका रात्रीच्या एका डावात मात्र हा फायदा इतर शंभर गोष्टींखाली सहज दडपला जातो.

2023 मध्ये रायन ब्रिल, समीर देशपांडे आणि अब्राहम वायनर या संख्याशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न पुन्हा तपासला. पिचरचा दर्जा, समोरच्या बॅटरचा दर्जा, डावखुरा-उजवा हे सगळं हिशेबात धरल्यावर त्यांना तिसऱ्या फेरीच्या तोंडाशी एकदम कोसळणारा कडा सापडला नाही. पिचर सामनाभर हळूहळू, सलग उतरत जातो. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. ‘तिसरी फेरी आली की काढा’ हा नियम जिथं रेघ मारतो, तिथं निसर्गानं कुठलीच रेघ मारलेली नाही.

आणि खरा प्रश्न हा पिचर उतरू लागलाय का, असा नसतोच. उतरू लागलेला हा पिचर चांगला, की त्याच्या जागी येणारा ताजा माणूस? तुलना नेहमी दोघांची असते, आणि दोघांचंही आजचं रूप लागतं.

27 ऑक्टोबर 2020 च्या रात्री हीच तुलना चुकली, असं माझं मत आहे. वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेचा, सहावा सामना, टॅम्पा बे रेज विरुद्ध लॉस एंजेलिस डॉजर्स. रेज 1-0 नं पुढे. ब्लेक स्नेलनं सव्वापाच डावांच्या आसपास दोनच हिट (बेसवर पोचवणारे फटके) दिल्या होत्या, नऊ जणांना स्ट्राइकआउट केलं होतं, आणि चेंडू झाले होते अवघे 73. डॉजर्सच्या फळीतले पहिले तिघे, मूकी बेट्स, कोरी सीगर आणि जस्टिन टर्नर, त्याच्यासमोर सहा वेळा आले आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट झाले. ऑस्टिन बार्न्सनं एक साधी हिट मारली, तिसऱ्यांदा बेट्सची पाळी आली आणि मॅनेजर केव्हिन कॅश यांनी स्नेलला काढलं. बेट्स-सीगरला तो तिसऱ्यांदा दिसू नये म्हणून, हे कारण त्यांनी नंतर स्वतः सांगितलं. जागी आलेला निक अँडरसन हंगामात उत्कृष्ट होता, पण प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) सामन्यामागून सामना धावा देत होता. बेट्सनं डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारला, एक चेंडू कॅचरच्या हातून निसटला, आणि बघता बघता डॉजर्स 2-1 नं पुढे गेले. शेवटी 3-1 नं जिंकून त्यांनी विजेतेपद घेतलं.

योगायोग असा की बरोबर 29 वर्षांपूर्वी, 27 ऑक्टोबर 1991 ला, ट्विन्सच्या जॅक मॉरिसनं वर्ल्ड सीरिजच्या सातव्या सामन्यात 126 चेंडू टाकत दहाच्या दहा डाव शून्यावर काढले होते. नऊ डावांनंतर मॅनेजर टॉम केली त्याला काढायच्या बेतात होते, तो हटला नाही. ट्विन्स 1-0 नं जिंकले. जुने चाहते मनात हे घेऊन सामना बघतात.

पण चाहत्यांच्या मनातही एक खोट असते, तीही मोजलेली आहे. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी 1988 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. डॉक्टरनं शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला, ही एकच हकीगत लोकांना दिली. फक्त तिच्या एका रूपात रुग्ण वाचला होता, दुसऱ्यात दगावला होता. निर्णय घेताना डॉक्टरला असलेली माहिती तीच होती, तरी रुग्ण दगावल्याचं कळलं की लोकांनी निर्णयालाच नावं ठेवली. अँडरसननं तिघांना बाद केलं असतं तर कॅश धोरणी ठरले असते, हे मान्य करायलाच हवं. स्नेलनं त्या नियमित हंगामात एकदाही सहा डाव पूर्ण केले नव्हते, हेही खरं. पण त्या रात्रीचा एक पुरावा निकालावर अवलंबून नाही: स्नेल बाहेर जाताना पाहून बरं वाटलं, हे बेट्सनं आणि डॉजर्सचे मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स यांनी नंतर मोकळेपणानं सांगितलं.

याच मिनियापोलिसच्या विद्यापीठात पॉल मील नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. साधं सूत्र बहुतेक वेळा तज्ज्ञाच्या अंदाजाच्या तोडीचं किंवा त्याहून सरस ठरतं, हे त्यांनी 1954 मध्येच दाखवलं होतं. त्यांनीच एक अपवादही सांगितला. सूत्र म्हणतं, अमुक प्राध्यापक आज रात्री सिनेमाला जाणार. पण तुम्हाला ठाऊक आहे की सकाळीच त्यांचा पाय मोडला आहे. अशा वेळी सूत्र बाजूला ठेवा. मात्र माणसाला नको तिथंही मोडलेले पाय दिसतात, हा इशाराही मील यांचाच.

आजचा मोडलेला पाय डगआउटमधून, म्हणजे मैदानालगतच्या संघाच्या बाकांवरून, दिसतो. बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरला चेंडूचा दम कळतो, मॅनेजरला पिचरचा चेहरा. फ्रंट ऑफिसनं आकडे जरूर द्यावेत, भरपूर द्यावेत. निर्णय मात्र सामन्याआधी बांधून देऊ नये. याला संशोधनाचाही आधार आहे. बर्कली डीटव्होर्स्ट, जोसेफ सिमन्स आणि केड मॅसी यांनी 2015 मध्ये दाखवलं की संगणकीय सूत्राची चूक डोळ्यांसमोर घडली की लोकांचा त्यावरचा विश्वास उडतो, माणूस त्याहून जास्त चुकत असला तरी. पुढच्या प्रयोगांत त्यांना दिसलं की सूत्राच्या उत्तरात थोडासा बदल करायची मुभा दिली, तर तेच लोक ते सूत्र जास्त खुशीनं वापरतात. मुभा अगदी नाममात्र असली तरी चालते. ज्या मॅनेजरला ‘नाही’ म्हणायचा खरा अधिकार आहे, तोच आकडे मनापासून वापरेल. ज्याला फक्त निरोप पोचवायचा आहे, तो पत्रकारांसमोर दुसऱ्याच्या निर्णयाचं समर्थन करत बसेल.

खेळ बघण्याचा आनंद हा कुठल्याच सूत्रात नसतो. बोस्टन आणि शिकागोला आकड्यांच्या मदतीनं विजेतेपदं मिळवून देणारे थिओ एपस्टाइन यांनी 2020 मध्ये शिकागोचा कब्स संघ सोडताना म्हटलं होतं की त्यांच्यासारख्या अधिकाऱ्यांमुळे, नकळत का होईना, खेळाच्या सौंदर्याला धक्का बसला. 2023 पासून लीगनं पिचरला घड्याळ लावलं आणि क्षेत्ररक्षकांच्या टोकाच्या मांडणीवर बंधनं घातली, ती याच काळजीतून.

2025 च्या प्लेऑफमध्ये स्नेल डॉजर्सकडून, रॉबर्ट्स यांच्याच हाताखाली खेळत होता. मिल्वॉकीविरुद्ध त्यानं आठ डाव टाकले: एक हिट, दहा स्ट्राइकआउट, 103 चेंडू. तिसऱ्या फेरीला त्याला काढायला कुणी उठून आलं नाही, कारण त्या वर्षी डॉजर्सचे राखीव पिचर भरवशाचे नव्हते आणि रॉबर्ट्स यांना ते दिसत होतं. नवव्या डावात स्नेलला विश्रांती दिली, तर लगेच एक धाव गेली आणि सामना जेमतेम 2-1 असा हाती राहिला. दुसऱ्याच सामन्यात योशिनोबू यामामोतोला त्यांनी पूर्ण नऊ डाव टाकू दिले. वर्ल्ड सीरिजमध्ये टोरंटोत पुन्हा तेच केलं. त्या सामन्यात यामामोतोनं शेवटचे सलग वीस बॅटर बाद केले, आणि समोरच्या डगआउटमध्ये श्नायडर होते.