स्विंडनचा एक्सटीसी: मंच सोडला, गाणं नाही

एक्सटीसी या इंग्लिश बँडचं नाव निघालं की हमखास एकच गोष्ट सांगितली जाते. १९८२ मध्ये, ऐन भरात असताना, त्यांचा गायक कार्यक्रम अर्धवट टाकून मंचावरून निघून गेला, त्याच वर्षी त्यांचे दौरे कायमचे बंद झाले आणि तिथेच सगळं संपलं. यातला पहिला भाग खरा आहे. शेवटचा मला अजिबात पटत नाही. या बँडचं सर्वांत मोलाचं काम त्या रात्रीनंतरचं आहे. त्यांचं जे नुकसान झालं, त्यातलं बरंचसं मंचामुळे नाही तर करारमदार आणि हिशेबांमुळे झालं. हे समजून घ्यायचं तर सुरुवात स्विंडनपासून करावी लागते.

स्विंडन हे लंडनच्या पश्चिमेला, विल्टशर परगण्यातलं रेल्वेचं गाव. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा इंजिनांचा कारखाना १८४३ मध्ये इथे सुरू झाला आणि पुढे पिढ्यान् पिढ्या गाव त्याच्यावर जगलं. लंडनच्या संगीतवर्तुळात स्विंडनला काडीची किंमत नव्हती. तिथल्या लोकांच्या बोलण्याच्या हेलाचीही टर उडवली जाई. गायक अँडी पार्ट्रिज जन्मला माल्टात, कारण वडील नौदलात होते, पण वाढला स्विंडनमधल्या पेनहिल या नगरपालिकेच्या घरांच्या वसाहतीत. बेस वाजवणारा कॉलिन मोल्डिंग आणि ड्रमर टेरी चेंबर्स हेही स्विंडनचेच. १९७२ पासून ही मंडळी एकत्र वाजवत होती. आधी स्टार पार्क, मग हीलियम किड्झ आणि अखेर एक्सटीसी अशी नावं बदलत गेली. बॅरी अँड्र्यूज कीबोर्डवर आला आणि १९७७ मध्ये व्हर्जिन कंपनीशी करार झाला.

पंकची लाट तेव्हा जोरात होती. आक्रमक, तीन कॉर्ड्सवर (स्वरसमूहांवर) भागणारं, मुद्दाम ओबडधोबड ठेवलेलं संगीत. त्याच्या पाठोपाठ जे आलं त्याला ‘न्यू वेव्ह’ म्हटलं गेलं: वेग पंकचा, पण चालीची, शब्दांची आणि वाद्यमेळाची हौस दांडगी. एक्सटीसी या नव्या प्रवाहात चपखल बसला. जानेवारी १९७८ मधला ‘व्हाइट म्युझिक’ आणि त्याच वर्षीचा ‘गो टू’ हे पहिले दोन अल्बम धडपडे, तुटक, चिमटे काढणारे आहेत. ‘गो टू’चं मुखपृष्ठ मात्र अजून लक्षात राहतं. हिपग्नॉसिस या प्रसिद्ध संस्थेने चित्र काढण्याऐवजी काळ्या पार्श्वभूमीवर टंकलिखित मजकूर छापला. हे रेकॉर्डचं मुखपृष्ठ आहे आणि तुम्ही रेकॉर्ड विकत घ्यावी म्हणून ते केलेलं आहे, असं तो मजकूर वाचकाला सरळ सांगतो.

अँड्र्यूज बाहेर पडला आणि १९७९ मध्ये डेव्ह ग्रेगरी आला, तोही स्विंडनचाच. कीबोर्डवाल्याच्या जागी दुसरा कीबोर्डवाला न घेता गिटारवाला घेतला, ही निवड फार महत्त्वाची ठरली. ‘ड्रम्स अँड वायर्स’ या पुढच्या अल्बमच्या नावातच ते आहे: ड्रम्स आणि तारा. निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइट, ध्वनिमुद्रणाला ह्यू पॅडम आणि जागा लंडनचा टाउनहाउस स्टुडिओ. तिथे दगडी भिंतींची एक खोली होती, तिच्यात ड्रमचा ठोका दणदणीत घुमायचा. पॅडम-लिलीव्हाइट जोडीने गायक पीटर गेब्रिएलच्या तिसऱ्या अल्बमवर याच सुमारास काम केलं. ऐंशीच्या दशकात ड्रमचा जो भरदार, मध्येच कापल्यासारखा आवाज सर्वत्र ऐकू आला, त्याचा उगम त्या अल्बमकडे दाखवतात. त्यात गिटार वाजवणाऱ्यांत ग्रेगरीही होता.

‘मेकिंग प्लॅन्स फॉर नायजेल’ हे मोल्डिंगचं गाणं याच अल्बममधलं. ते ऐकताना एकदा फक्त ड्रमकडे कान द्या. साधारणपणे ठेका धरून ठेवायचं काम हाय-हॅटच्या झांजा करतात. इथे ते काम टॉम या घुमणाऱ्या ड्रमकडे दिलंय, त्यामुळे ठेका उलटा घातलेल्या सदऱ्यासारखा वाटतो, आणि तरीही पाय हलतोच. शब्द आईवडिलांच्या तोंडचे आहेत. मुलाचं भवितव्य त्यांनी ठरवून टाकलंय, ब्रिटिश स्टीलमध्ये त्याची नोकरी पक्की आहे आणि मुलगा सुखात आहे अशी त्यांची खात्री आहे. नायजेल स्वतः गाण्यात एक अक्षर बोलत नाही. ब्रिटनच्या खपाच्या यादीत हे गाणं सतराव्या क्रमांकापर्यंत गेलं. आपल्याकडच्या कितीतरी घरांत ते अर्थासकट समजेल.

१९८० मध्ये ‘ब्लॅक सी’ आला, आणि दौरे तर अखंड चालूच होते. अमेरिकेत त्यांनी ‘द पोलीस’ या बँडच्या आधी वाजवलं, त्याच ‘पोलीस’ने त्या वर्षीच्या मार्चमध्ये मुंबईत कार्यक्रम केला होता. दौऱ्यांच्या दगदगीतून पैसा मात्र हाती लागत नव्हता. पार्ट्रिज त्यात आतून पोखरत चालला होता. शाळकरी वयापासून डॉक्टरांनी त्याला व्हॅलियम हे मन शांत ठेवणारं औषध सुरू केलेलं होतं आणि त्या गोळ्यांची सवय बारा-तेरा वर्षं सुटलेली नव्हती. अमेरिकेच्या एका दौऱ्यात काळजीपोटी पत्नीने त्या फेकून दिल्या. इतक्या वर्षांची सवय अशी एका झटक्यात तोडली तर काय होतं, हे आज कुठलाही डॉक्टर सांगेल. घबराटीचे झटके सुरू झाले. मंचावर उभं राहण्याच्या कल्पनेनेच त्याचा जीव कासावीस होऊ लागला.

फेब्रुवारी १९८२ मध्ये ‘इंग्लिश सेटलमेंट’ आला. मुखपृष्ठावर स्विंडनजवळच्या अफिंग्टनच्या टेकडीवर खडूच्या दगडात कोरलेला तो प्राचीन पांढरा घोडा आहे. अल्बम ब्रिटनमध्ये पाचव्या आणि ‘सेन्सेस वर्किंग ओव्हरटाइम’ हे गाणं दहाव्या क्रमांकावर पोचलं. यापेक्षा वर ते पुन्हा कधी गेले नाहीत. १८ मार्चला पॅरिसचा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर थेट दाखवला जात होता. पहिलंच गाणं चालू असताना पार्ट्रिज गिटार ठेवून मंचावरून निघून गेला. तरीही पुढे अमेरिकेचा दौरा सुरू करण्यात आला! ३ एप्रिलला सॅन डिएगोत ते वाजवून आले आणि दुसऱ्या दिवशीचा हॉलिवूडचा कार्यक्रम रद्द झाला. दौरे तिथेच कायमचे बंद. याला मंचभीती म्हणून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं. हा आजारी माणूस होता, आणि त्याला विश्रांती हवी हे ओळखायला आजूबाजूच्यांनी फार उशीर केला.

चेंबर्सला दौऱ्यांशिवायचा बँड मानवणारा नव्हता. तो त्याच वर्षी सोडून ऑस्ट्रेलियाला गेला. उरले तिघे, ते कायमचे स्टुडिओतले झाले. ‘ममर’ आणि ‘द बिग एक्सप्रेस’ फारसे खपले नाहीत, पण दुसऱ्यात स्विंडनच्या रेल्वेची धडधड आहे, म्हणून मला तो प्रिय आहे. मग १ एप्रिल १९८५ रोजी ‘ड्यूक्स ऑफ स्ट्रॅटोस्फिअर’ नावाच्या कुणा अनोळखी बँडची रेकॉर्ड बाजारात आली. साठच्या दशकातल्या सायकेडेलिक (नशेतल्या भासांसारख्या) संगीताची हुबेहूब नक्कल, जुनी वाद्यं, टोपणनावं; करणारे हेच तिघे आणि ग्रेगरीचा भाऊ इयन. थोडक्या पैशांत केलेली ही गंमत ब्रिटनमध्ये ‘द बिग एक्सप्रेस’पेक्षा जास्त खपली.

कंपनीने मग अमेरिकन निर्माता घेण्याचा आग्रह धरला आणि टॉड रुंडग्रेनचं नाव ठरलं. त्याने बँड येण्याआधीच कच्ची गाणी ऐकून निवड केली आणि क्रमही लावून टाकला: एक दिवस, एक ऋतुचक्र, एक आयुष्य. पार्ट्रिजला दुसऱ्याचा हुकूम सोसवेना. वुडस्टॉकच्या स्टुडिओत रोज खटके उडायचे. सॅन फ्रान्सिस्कोत तर बेसच्या एका तुकड्यावरून मोल्डिंग भांडून बाहेर पडला आणि नंतर परतला. एवढ्या कटकटीतून १९८६ चा ‘स्कायलार्किंग’ जन्मला, आणि तो माझ्या मते त्यांचा सर्वोत्तम अल्बम आहे. पहिल्या गाण्याच्या उन्हाळी किड्यांच्या किरकिरीतूनच दुसरं गाणं कधी सुरू झालं ते कळत नाही. याच अल्बममध्ये तारांच्या जोडणीतल्या चुकीमुळे आवाज पोकळ झाला होता. ती चूक दोन दशकांनंतर सापडली आणि २०१० मध्ये दुरुस्त आवृत्ती निघाली. जुनी आणि नवी लागोपाठ ऐकली तर बेस जागा झाल्याचं लगेच जाणवतं.

‘डिअर गॉड’ हे देवाला लिहिलेलं पत्र. सुरुवातीच्या ओळी आठ वर्षांच्या मुलीने गायल्या आहेत. पार्ट्रिजला ते आपलं फसलेलं गाणं वाटत होतं. ब्रिटनमध्ये ते एका सिंगलच्या (एका गाण्यासाठी काढलेल्या छोट्या रेकॉर्डच्या) मागच्या बाजूला गेलं. अमेरिकेतल्या कॉलेज रेडिओंनी मात्र तेच उचलून धरलं, तेव्हा एक गाणं काढून त्याला तिथल्या अल्बममध्ये जागा करण्यात आली. फ्लोरिडातल्या एका रेडिओ केंद्राला बॉम्बची धमकी आली. अमेरिकेत बँडचं नाव झालं ते या गाण्याने, एकही कार्यक्रम न करता.

‘ऑरेंजेस अँड लेमन्स’ १९८९ चा, ‘नॉनसच’ १९९२ चा. तोवर आपल्या माजी मॅनेजरबरोबरचा बँडचा कोर्टातला वाद होऊन गेला होता आणि कमाईतला मोठा वाटा त्यात बुडाला होता. व्हर्जिनशी केलेला करार १९७७ मधला, नवख्या पोरांनी सही केलेला. रेकॉर्डिंगचा खर्च रॉयल्टीतून वळता व्हायचा आणि रेकॉर्ड खपल्या तरी यांच्या नावावर देणं निघायचं. ‘रॅप्ट इन ग्रे’ हे सिंगल छापून झाल्यावर कंपनीने मागे घेतलं आणि मग यांनी हत्यार उपसलं ते संपाचं: कंपनीसाठी एक सूरही रेकॉर्ड करायचा नाही. कारखान्याच्या गावातल्या पोरांना संप शिकवावा लागत नाही. जवळपास पाच वर्षं हे चाललं, तेव्हा कुठे सुटका झाली. त्या काळात पार्ट्रिज घरी गाणी लिहीतच होता.

तीच गाणी १९९९ च्या ‘ॲपल व्हीनस’मध्ये आली. पहिल्याच गाण्यात पाण्याचे थेंब, बोटांनी छेडलेली व्हायोलिनं आणि ट्रम्पेट. ड्रम औषधालाही नाही. ऑर्केस्ट्राचं काम ॲबी रोड स्टुडिओत एका दिवसात उरकलं, कारण जास्त दिवस परवडणारे नव्हते. रेकॉर्डिंग चालू असतानाच ग्रेगरीने बँड सोडला. २००० मध्ये ‘वॉस्प स्टार’ हा त्याच्या जोडीचा, गिटारींचा अल्बम निघाला आणि तो शेवटचा ठरला. पुढे काही वर्षांत मोल्डिंगचं मनही संगीतातून उडालं आणि बँड विरला.

२०१३ पासून इंग्लिश संगीतकार स्टीव्हन विल्सनने यातल्या बऱ्याच अल्बमांचं मूळ टेपांवरून नव्याने मिक्सिंग केलं आहे. चेंबर्स इंग्लंडला परतल्यावर त्याने आणि मोल्डिंगने मिळून २०१७ मध्ये नवी गाणी काढली. २०१८ मध्ये स्विंडनच्या आर्ट्स सेंटरमध्ये दोघांनी कार्यक्रम केले. पार्ट्रिज त्यात नव्हता. ‘स्कायलार्किंग’मधली मोल्डिंगची गाणी त्या वेळी प्रेक्षकांसमोर वाजली, निघाल्यानंतर ३२ वर्षांनी.