गाव बघायला आषाढात या
मुलाबाळांसह दापोली-गुहागरकडे राहायला येऊ पाहणाऱ्या कुटुंबांसाठी माहितीपत्रक

आम्हाला येणारे बहुतेक फोन डिसेंबर-जानेवारीतले असतात. कुटुंब चार दिवस दापोलीजवळच्या मुरुड-कर्द्याला राहून गेलेलं असतं, मुलं वाळूत मनसोक्त खेळलेली असतात आणि परतीच्या प्रवासात नवराबायकोचं ठरतं की आपण इथंच राहायला यायचं. ही ओढ खरी असते. पण चार दिवसांत दिसतो तो समुद्र, गाव दिसत नाही. मुलं वाढतात ती गावात.

आम्ही जमिनी विकत नाही, प्लॉटही दाखवत नाही. दापोली आणि गुहागर तालुक्यांत बारमाही राहण्यासाठी भाड्याचं घर शोधून देतो, करार नीट करून देतो आणि पहिलं वर्ष तुमच्या पाठीशी राहतो. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आधी एकच विनंती करतो: घर ठरवण्यापूर्वी एकदा आषाढात या आणि जमलं तर एकदा मे महिन्यात.

आषाढ आणि मे

दापोलीत वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. शाळेचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, कपाटातल्या चपलांवर बुरशी धरते, वीज जाते आणि ती गेली की मोबाइलची रेंजही जाते. घरून काम करणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. दिवसभर अखंड इंटरनेट लागत असेल तर आडगावातली वाडी नको, दापोली कॅम्पात किंवा गुहागरच्या बाजारपेठेजवळ घर बघू.

एवढा पाऊस पडून मे महिन्यात पाणी का नसतं, हा प्रश्न हमखास येतो. आमच्या जांभ्या दगडाला सच्छिद्रपणा फार. पाणी मुरतं आणि उतारानं निघूनही जातं. म्हणून घर दाखवताना आम्ही आधी विहीर दाखवतो. मेमध्ये तिला किती पाणी असतं हे मालकाला विचारू नका, शेजारणीला विचारा.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरुड या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या, घरांचे कौलं-पत्रे उडाले. कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्या दिवसांत ज्याच्या घराचं छप्पर शाबूत होतं त्याच्याकडे चार-चार बिऱ्हाडं राहिली, एका चुलीवर सगळ्यांचा भात शिजला. एकमेकांना धरून असलेलं गाव म्हणजे काय, ते आम्ही तेव्हा पाहिलं.

गाव नव्हे, वाडी बघा

कोकणात माणूस गावात राहतो म्हणजे खरं तर वाडीत राहतो. एकाच गावातल्या दोन वाड्यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. एका वाडीत वीस घरं आणि त्यातल्या चौदा घरांना कुलूप, कारण माणसं मुंबईला. उरलेल्या सहांत आजी-आजोबा. दुसऱ्या वाडीत संध्याकाळी पाच वाजता देवळासमोर पंधरा पोरं क्रिकेट खेळत असतात. पहिल्या वाडीतलं घर कितीही देखणं असलं, खळं सारवलेलं, पडवीत झोपाळा, तरी लहान मुलं असलेल्या कुटुंबाला आम्ही ते सुचवत नाही. तिथं तुमचं मूल एकटं पडेल. म्हणून आमच्या पहिल्या फोनवर बजेटच्याही आधी मुलांची वयं विचारली जातात.

नव्या माणसाला वाडीत प्रश्न विचारले जातात. आडनाव काय, मूळ गाव कुठलं, घरी कोण कोण, काम काय करता. शहरातून आलेल्यांना हा चोंबडेपणा वाटतो. तसा तो नाही. तुम्हाला कोणत्या धाग्यानं आपल्याशी जोडायचं हे ती माणसं शोधत असतात. मोकळेपणानं उत्तरं द्या. महिन्याभरानं तुमचं मूल कुठं आहे हे तुम्हाला माहीत नसलं तरी चार घरांना माहीत असेल. शेजारच्या आजी त्याला विहिरीच्या काठावरून हुसकावतील, प्रसंगी दोन शब्द ओरडतीलही. ते ज्यांना चालणार नाही त्यांनी कृपया वाडीत घर घेऊ नये, आम्ही शहरगावात बघू.

आणि हे देणंघेणं दोन्ही बाजूंनी असतं. लग्नाला नाही गेलात तर कोणी फारसं मनाला लावून घेणार नाही, पण वाडीत मयत झालं तर गेलंच पाहिजे. ग्रामसभेला बसा, देवळाच्या साफसफाईला हात लावा. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. भाडेकरूच्या दारातही ती थांबली की त्या घराचे डोळे भरून येतात, हे आम्ही एकाहून अधिक वेळा पाहिलं आहे.

बाहेर गेलेली माणसंही या विणीतलीच. महर्षी धोंडो केशव कर्वे याच मुरुडचे. पोटापाण्यासाठी बाहेर पडलेल्या मुरुडकरांनी आपल्या मिळकतीतला वाटा गावासाठी द्यावा म्हणून त्यांनी ‘मुरुड फंड’ उभा केला होता. आजही कुठल्याही वाडीचं मुंबईत मंडळ असतं, आणि देवळाच्या रंगापासून पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, दुरुस्तीपर्यंत त्याचं मत धरलं जातं.

गणपतीतलं कलम

बंद घरं भरपूर, मग भाड्यानं का मिळत नाहीत? कारण घर बंद असलं तरी सुटलेलं नसतं. चाकरमानी गणपतीला येणार, मूळ घरातच गणपती बसणार, चुलत-मालत धरून वीस-पंचवीस माणसं पाच-सात दिवस उतरणार. म्हणून आमच्या करारात हे स्पष्ट लिहिलेलं असतं: गणपतीचे आणि शिमग्याचे दिवस माजघर कोणाकडे, स्वयंपाकघर कसं वाटून घ्यायचं, का त्या दिवसांत तुम्ही स्वतःच्या गावी जाणार. हे आधी न बोलल्यामुळे चांगली नाती तुटलेली आम्ही पाहिली आहेत. आणि ज्या कुटुंबांनी मालकाच्या गणपतीत आरतीला उभं राहून मोदक वळले, त्यांचं घर पुढं वर्षानुवर्षं टिकलं.

दुसरी अडचण सामाईक मालकीची. सातबाऱ्यावर किंवा घरपट्टीला चार भावांची नावं आणि चावी एकाकडे, असं सर्रास असतं. आम्ही सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घेतल्याशिवाय घर दाखवत नाही. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. तोंडी व्यवहार आम्ही करत नाही.

शाळा आणि दवाखाना

रत्नागिरी-सिंधुदुर्गाचं कोकण मंडळ दहावीच्या निकालात वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं. शिकवण्याची कळकळ इथं आहे. पण पटसंख्या बघा. काही वाड्यांतल्या जिल्हा परिषद शाळेत दहा मुलंही नसतात. पहिली-दुसरीला त्याचा फायदा होतो, वरच्या वर्गांत मात्र मुलाला सोबती लागतात. आठवीच्या पुढचं मूल असेल तर आमचं मत सरळ दापोली. शाळा, कॉलेज, १९७२ पासूनचं कृषी विद्यापीठ, उपजिल्हा रुग्णालय, सगळं हाताशी. लहान मुलांसाठी आंजर्ले, मुरुड किंवा गुहागरचे वरचा पाट-खालचा पाट हे भाग आम्हाला अधिक आवडतात. दाभोळ-धोपावे फेरीबोटीमुळे दोन्ही तालुके जवळ आले आहेत, पण शाळेसाठी रोज खाडी ओलांडायचा बेत करू नका.

घरापासून प्राथमिक आरोग्य केंद्र किती अंतरावर आहे, तिथं सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन आहे का, हे आम्ही प्रत्येक घराच्या कागदावर लिहून देतो. लाल विंचू कोकणात पूर्वी मुलांचे जीव घेत असे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वेळेत दिलं तर रुग्ण वाचतो हे दाखवून दिलं; २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा विंचू चावला तर उतारे करत बसायचं नाही, लगेच केंद्रात जायचं. आणि मुलांना चप्पल झटकून घालायची सवय पहिल्याच दिवशी लावायची.

विकत घेण्याचं

निदान एक पावसाळा आणि एक मे महिना काढल्याशिवाय विकत काही घेऊ नका. शेतजमीन महाराष्ट्रात शेतकऱ्यालाच घेता येते, इतरांना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. समुद्राला लागून असलेल्या जागेला किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध असतात. कोणी “होऊन जाईल” म्हणालं तर वकिलाला कागद दाखवल्याशिवाय इसार देऊ नका.

आमचं शुल्क

करार झाला तर एका महिन्याच्या भाड्याइतकं, एकदाच. मालकाकडून आम्ही काही घेत नाही, त्यामुळे घराची खोड आम्हाला लपवावी लागत नाही. महिनाभराची सूचना देऊन करार संपवता येईल असं कलम प्रत्येक करारात असतं. पहिल्या पावसाळ्यात सोडून जावंसं वाटलं तर ते मनमोकळं सांगा, सामान हलवायला आम्ही येऊ.

आषाढात येताना मुलांना सोबत आणा. राहायची सोय हॉटेलात नको, वाडीतल्याच एखाद्या घरी करून देतो. संध्याकाळी पाचच्या आधी पोचा, म्हणजे पोरं खेळायला बाहेर पडायच्या वेळी तुम्ही तिथं असाल.