आरसीसीबी सारखा पडतो? आधी हे वाचा

आरसीसीबी म्हणजे शॉकपासून वाचवणारा खटका; तो पडला की वीज बंद होते. आम्ही वायरिंग केलेल्या नव्या घरात लोक राहायला गेल्यावर दोन-तीन महिन्यांत आम्हाला हमखास फोन येतो, "तुम्ही बसवलेला आरसीसीबी खराब आहे, सारखा पडतो." बहुतेक वेळा आरसीसीबी चांगला असतो, दोष दुसरीकडे असतो.

डीबीतले, म्हणजे घरातल्या खटक्यांच्या पेटीतले, अरुंद खटके म्हणजे एमसीबी. ते वायर जळू नये म्हणून असतात. १६ अँपिअरचा एमसीबी माणसाला शॉक बसला तरी पडत नाही, कारण अंगातून जाणारा करंट त्या मानाने फारच थोडा असतो. माणसाच्या जिवासाठी असतो तो टी बटण असलेला रुंद खटका, आरसीसीबी. फेजमधून (वीज आणणाऱ्या वायरीतून) गेलेला करंट न्यूट्रलमधून (परतीच्या वायरीतून) तेवढाच परत आला नाही, ३० मिलिअँपिअरचा जरी फरक पडला, तरी तो वीज तोडतो.

आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो इन्व्हर्टरपायी. इन्व्हर्टर बसवायला आलेला माणूस दिवे-पंखे त्यावर घेतो आणि न्यूट्रल डीबीत हाताला येईल त्या पट्टीवर जोडतो. करंट एका आरसीसीबीतून जातो आणि त्याच आरसीसीबीतून परत न येता दुसऱ्याच वाटेने येतो. आरसीसीबी पडणारच. मग कोणीतरी तो "डायरेक्ट" करून देतो, म्हणजे आरसीसीबी वगळून वायरी सरळ जोडतो. कृपा करून हे कोणालाही करू देऊ नका. दिवे लागतात, पण गीझरची कॉइल फुटेल त्या दिवशी सगळी भिस्त एकट्या अर्थिंगवर राहते.

अशा घरी एकेक न्यूट्रल सोडवून शोधण्यात आमचा अर्धा दिवस जातो. म्हणून इन्व्हर्टर घेण्याआधी एक फोन करा. आम्ही प्रत्येक आरसीसीबीला वेगळी न्यूट्रल पट्टी देतो, वायरींवर नंबर घालतो. आमचे कोटेशन थोडे जास्त दिसते ते यामुळे.

खटका पडला तर सगळे प्लग काढा, एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एमसीबी एकेक करून वर घ्या. सगळे वर राहिले तर प्लग एकेक लावून बघा. पावसाळ्यात बाल्कनीतला सॉकेट आधी तपासून घ्या.

महिन्यातून एकदा वीज चालू असताना टी बटण दाबा. खटका पडला नाही तर आरसीसीबी बदलायलाच हवा. अर्थिंग मात्र या बटणाने कळत नाही, ते मीटरनेच मोजावे लागते. आम्ही वायरिंग केलेल्या घरी पहिल्या वर्षी मे महिन्यात ते विनामूल्य मोजून देतो.

फोन करताना कोणता एमसीबी वर केल्यावर किंवा कोणता प्लग लावल्यावर आरसीसीबी पडतो ते सांगा, म्हणजे आमचा माणूस लागणारे सामान घेऊनच येईल.