कोनस जॉग्राफस

कोनस जॉग्राफस : मृदुकाय संघाच्या उदरपाद वर्गातील, कोनिडी कुलातील एक विषारी समुद्री गोगलगाय. कार्ल लिनीअस यांनी १७५८ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. शंखाच्या फिकट पृष्ठभागावर तांबूस-तपकिरी डाग आणि रेषांचे जाळे असते. ते जुन्या नकाशातल्या खंडांसारखे दिसते, त्यावरून जातीचे नाव पडले. कोनस प्रजातीत सातशेहून अधिक जाती असून बहुतेक जाती समुद्री कृमी खातात, काही इतर गोगलगायी खातात. मासे खाणाऱ्या जाती थोड्याच आणि ही त्यांपैकी सर्वांत घातक.

शंख साधारण १० ते १५ सेंमी. लांब असतो. शंकू-गोगलगायींचे, म्हणजे कोनस प्रजातीतल्या गोगलगायींचे, शंख सहसा जाड, जड आणि अरुंद तोंडाचे असतात. हिचा मात्र पातळ, हलका आणि रुंद तोंडाचा आहे. रुंद तोंडाचे कारण तिच्या खाण्याच्या पद्धतीत सापडते.

ही जाती लाल समुद्र आणि आफ्रिकेचा पूर्व किनारा येथपासून हिंदी महासागर ओलांडून पश्चिम व मध्य पॅसिफिकमधील बेटांपर्यंत आढळते. उथळ पाण्यातील प्रवाळभित्ती, प्रवाळांचा चुरा आणि त्यांमधली वाळू हे तिचे घर. दिवसा ती प्रवाळाच्या फरश्यांखाली दडून राहते व रात्री बाहेर पडते. त्या वेळी भित्तीतले लहान मासे कपारींत विसावलेले असतात.

गोगलगायीने मासा पकडावा हे ऐकायलाच विचित्र वाटते, कारण पाठलागात तिचा निभाव लागणार नाही. ती आधी सायफन नळीने पाणी आत ओढून माशाचा वास घेते. मग तोंडाचा पुढचा भाग जाळ्यासारखा पसरवते आणि एक किंवा अनेक लहान मासे अलगद त्या पिशवीत घेते. विशेष म्हणजे मासे फारशी धडपड करत नाहीत. हे कोडे २०१५ मध्ये बऱ्याच अंशी सुटले. हिच्या विषात इन्सुलिन सापडले आणि ते गोगलगायीच्या नेहमीच्या इन्सुलिनपेक्षा माशांच्या इन्सुलिनशी अधिक जुळणारे निघाले. ते पाण्यात सोडले जाऊन कल्ल्यांवाटे माशांच्या अंगात भिनते, रक्तातली साखर एकदम घसरते व मासे सुस्तावतात, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. भक्ष्याचेच संप्रेरक शस्त्र म्हणून वापरण्याची अशी उदाहरणे प्राणिसृष्टीत फार नाहीत.

मासे पिशवीत आले की दंशाची पाळी. इतर गोगलगायींच्या तोंडात खरवडणाऱ्या दातांची पट्टी असते. शंकू-गोगलगायींत त्यातला एकेक दात पोकळ, काटेरी भाल्यासारखा झाला आहे. सोंडेच्या टोकाशी आलेला दात भक्ष्यात घुसतो आणि स्नायुमय विषकंद आकुंचन पावून त्यातून विष ढकलतो. एक दात एकदाच वापरला जातो. पुढचे दात कोशात तयार असतात. काही तासांनी हाडे, खवले आणि वापरलेले दात ती ओकून टाकते.

विषात शंभराहून अधिक पेप्टाइडे, म्हणजे प्रथिनांसारखे छोटे रेणू, असतात. त्यांतली काही मज्जातंतूंच्या टोकांशी असलेले कॅल्शियमचे मार्ग अडवतात, काही स्नायूंपर्यंत संदेश पोहोचू देत नाहीत. कोनँटोकिन-जी या पेप्टाइडाने उंदरांची लहान पिल्ले झोपी जातात, तर मोठे उंदीर उलट चेकाळतात. त्याचे नाव फिलिपीन्समधल्या झोपाळूपणाच्या शब्दावरून घेतले आहे. याच देशात जन्मलेले जीवरसायनशास्त्रज्ञ बाल्डोमेरो ऑलिव्हेरा यांनी १९७० च्या दशकात तिथेच या विषांच्या अभ्यासाला सुरुवात केली. २०१४ मध्ये असे दिसून आले की शिकारीचे व बचावाचे विष वेगवेगळे असून ते विषनलिकेच्या वेगवेगळ्या भागांत तयार होते. माणसाला बसणारा दंश बहुधा बचावाच्या विषाचा असतो. विषातले इन्सुलिन औषधशास्त्राच्याही कामाचे आहे. माणसाच्या इन्सुलिनचे रेणू एकमेकांना चिकटून गट करतात, त्यामुळे टोचलेल्या इन्सुलिनचा परिणाम सुरू व्हायला वेळ लागतो. गोगलगायीच्या इन्सुलिनमध्ये चिकटण्यास कारणीभूत असलेला तुकडाच नाही.

नर व मादी वेगळे असून फलन शरीरात होते. मादी अंड्यांच्या पिशव्या कठीण पृष्ठभागाला चिकटवते. त्यांतून बाहेर पडणाऱ्या डिंभांना (पिल्लांच्या सुरुवातीच्या अवस्थेला) प्रवाह दूरवर नेतात. एवढ्या मंद प्राण्याच्या विस्तृत प्रसाराचे रहस्य यातच आहे.

शंकू-गोगलगायींच्या दंशाने सुमारे तीसच मृत्यू नोंदले गेले आहेत, पण त्यांतले बहुतेक या एका जातीमुळे झाले. १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियातील हेमन बेटावर एका तरुणाने जिवंत शंख तळहातावर धरून वरची साल सुरीने खरवडायला घेतली; काही तासांत तो दगावला. दंश अनेकदा फारसा दुखत नाही, हीच त्यातली मोठी फसवणूक. पुढे बधिरपणा येतो, नजर अंधुक होते, पापण्या गळतात, बोलणे जड होते आणि श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. विषावर उतारा उपलब्ध नाही. विषाचा जोर ओसरेपर्यंत कृत्रिम श्वासोच्छ्वास चालू ठेवला, तर रोगी वाचू शकतो.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ही जाती धोक्याबाहेर गणली आहे. शंख संग्राहकांना प्रिय आहे. रुंद टोकाकडून उचलला की धोका नाही, असा एक समज आहे. पण सोंड लवचीक असून शंखाच्या बऱ्याचशा भागावर पोहोचते आणि तिचा दात पातळ हातमोजाही भेदतो.