तुरीच्या एका वाणाचे श्रेय: आंतरराष्ट्रीय शेतीसंशोधनाच्या मूल्यमापनाची पार्श्वभूमी

देणगीदार देशांच्या पैशावर चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्रांनी जगाला नेमके काय दिले, हा प्रश्न २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदतीतून हात आखडता घेतल्यापासून पुन्हा ऐरणीवर आला आहे. केंद्रांच्या बाजूने मांडले जाणारे परताव्याचे आकडे डोळे दिपवणारे असतात. ते कसे काढले गेले आणि त्यांत काय बसत नाही, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

पद्धत अमेरिकेतून आली. १९५८ मध्ये तिथल्या एका अर्थतज्ज्ञाने संकरित मक्याच्या संशोधनावर झालेला सरकारी आणि खासगी खर्च एका बाजूला मांडला, वाढीव उत्पादनाचे मोल दुसऱ्या बाजूला मांडले आणि वर्षाला किमान ७०० टक्के हा आकडा काढला. तोच हिशेब आजच्या रूढ परतावा-दराच्या सूत्राने केला तर उत्तर ३५ ते ४० टक्क्यांच्या घरात येते. खर्च तोच, मकाही तोच. तरीही पुढची कित्येक वर्षे लोकांच्या तोंडी राहिला तो ७०० चा आकडा. १९७१ मध्ये या केंद्रांचा जागतिक गट (सीजीआयएआर) उभा राहिला तेव्हा ‘संशोधनात घातलेला पैसा वाया जात नाही’ हा विश्वास अशा आकड्यांमुळे आधीच पक्का झालेला होता.

त्यानंतर अभ्यासांचा पूर आला. २००० साली झालेल्या एका आढाव्यात जगभरचे २९२ अभ्यास गोळा केले होते आणि त्यांत परताव्याचे १,८०० हून अधिक अंदाज होते. २००३ मध्ये फक्त या गटाच्या केंद्रांचा लाभ-खर्च ताळा मांडला गेला. कडक पुरावा मागितला तर रुपयाला जेमतेम दोन रुपये, सढळ हाताने मोजले तर सतराहून जास्त! लाभाचा बहुतांश भाग मोजक्या कामांतून आला होता: भात आणि गव्हाचे वाण, आणि आफ्रिकेत कसाव्यावरच्या पिठ्या ढेकणाचे जैविक नियंत्रण. २०१४ मध्ये काही संशोधकांनी जुने अंदाज सुधारित सूत्राने पुन्हा तपासले, तेव्हा ३९ टक्क्यांचा मध्यक (निम्मे अंदाज ज्याच्या वर आणि निम्मे खाली असतात तो आकडा) ९.८ वर आला. माझ्या मते या सगळ्या कामातला हा सर्वांत प्रामाणिक आकडा आहे. वर्षाला ९.८ टक्के म्हणजे कोणत्याही सार्वजनिक कामासाठी चांगलीच कमाई, आणि ती सांगायला फुगवटा लागत नाही.

पण दरापेक्षा जास्त गुंता ‘श्रेय’ या शब्दात आहे. मूल्यमापनवाले दोन गोष्टी वेगळ्या करतात: एखादा बदल आमच्यामुळेच झाला असे म्हणणे, आणि त्यात आमचाही वाटा होता असे म्हणणे. कागदावर हा फरक स्वच्छ दिसतो. पिकाच्या वाणाशी गाठ पडली की तो विरघळतो. आपल्याजवळचे उदाहरण तुरीचे आहे.

तुरीचा मर रोग मातीतल्या बुरशीमुळे येतो. झाड फुलोऱ्यात, शेंगांवर असताना वाळते, म्हणजे शेतकऱ्याचा सगळा हंगाम खर्ची पडल्यावर. फवारणी करून तो आटोक्यात येत नाही, खरा उपाय रोगाला दाद न देणारा वाण हाच. हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ मध्ये सुरू झालेल्या, याच गटातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने (इक्रिसॅट) मुद्दाम रोगट ठेवलेल्या वाफ्यांत तुरीचे नमुने लावून ते पारखले. महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याच्या शेतातून गोळा केलेला एक नमुना तगला. तिथे त्याची निवड आणि शुद्धीकरण झाले. १९८६ मध्ये कर्नाटकाने तो ‘मारुती’ नावाने प्रसारित केला. उत्तर कर्नाटकात तो झपाट्याने पसरला, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या निम्म्याहून जास्त तुरीवर होता, आणि शेजारच्या महाराष्ट्रातही रुजला. जिथून गेला तिथेच परत आला म्हणा. १९९६ मध्ये संस्थेनेच प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या कामावरचा परतावा वर्षाला ६५ टक्के निघाला.

आता श्रेय कोणाचे? ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ते बी राखले गेले, त्यांचे? गोळा करणाऱ्याचे? रोगट वाफा वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या संस्थेचे? राज्यभर चाचण्या घेणाऱ्या कृषी विद्यापीठाचे, की बियाणे वाढवून तालुक्यापर्यंत पोचवणाऱ्या यंत्रणेचे? १९९६ चा अभ्यास संशोधन आणि प्रसार यांचा हिशेब एकत्र करतो, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. इतरत्र सोपा मार्ग निवडला गेला: मूळ संकर कोणाच्या प्रक्षेत्रावर झाला ते पाहायचे. २००३ च्या एका जागतिक अभ्यासाप्रमाणे १९६० ते २००० मध्ये अकरा पिकांचे ८,००० हून अधिक सुधारित वाण आले आणि त्यांतल्या ३५ टक्क्यांहून जास्त वाणांमागे आंतरराष्ट्रीय केंद्रांत झालेले संकर होते. मोठा वाटा आहे, यात शंका नाही. पण ‘मारुती’सारखा वाण या चौकटीत नीट बसत नाही, कारण तिथे संकर झालाच नव्हता. शेतात होते तेच निवडले गेले. आणि जिथे संकर झाला, तिथेही आईबाप कुठून आले हा प्रश्न उरतोच. १९६४ च्या आपल्या पहिल्या हायब्रीड ज्वारीची मादी ओळ अमेरिकेची होती, म्हणून ती अमेरिकेची ज्वारी ठरत नाही.

दुसरी अडचण ‘हा वाण नसता तर?’ या प्रश्नाची. दुसऱ्या कोणी चार वर्षांनी तसाच वाण आणला असता, तर संस्थेच्या खात्यात त्या चार वर्षांचाच लाभ धरायला हवा. तसे केले की टक्केवारी खाली येते. म्हणून हा प्रश्न बऱ्याच अहवालांत तळटीपेत ढकललेला असतो, आणि देणगीदारही तो फारसा उकरत नाहीत.

याला उतारा त्याच संस्थेच्या हाती होता. १९७५ मध्ये तिने सहा गावांत घरोघरची नोंद सुरू केली. त्यांतली चार आपली: सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातली कंझरा आणि किनखेडा. उरलेली दोन महबूबनगर जिल्ह्यातली. प्रत्येक गावात चाळीस घरे: तीस शेती करणारी, लहान, मध्यम आणि मोठी समप्रमाणात, आणि दहा भूमिहीन. नोंद घेणारा माणूस गावातच राहायचा आणि दर तीन-चार आठवड्यांनी पेरा, मजुरी, उसनवारी, जनावरे यांचा हिशेब टिपायचा. कोरडवाहू घराचे वर्ष कसे चालते हे इतक्या बारकाईने जगात फार थोड्या ठिकाणी नोंदले गेले आहे.

या पद्धतीचे मोल असे की ती वाण पसरला नाही हेही दाखवते. सोलापूरकडे रब्बीला आजही मालदांडी ज्वारीच पेरतात, आणि ती निवड मोहोळच्या केंद्रावर स्वातंत्र्यापूर्वी झालेली आहे. नंतरच्या संशोधनाने दाण्याचा उतारा वाढवला. शेतकऱ्याला मात्र भाकरीला चांगला, टपोरा, चमकदार दाणा हवा होता आणि जनावरांना कडबा हवा होता. परताव्याच्या हिशेबात कडब्याला बऱ्याचदा जागा नसते. दुष्काळी वर्षात तो दाण्याइतकाच मोलाचा ठरतो, हे कोणतीही सोलापूरची बाई सांगेल.

ही नोंद १९८०च्या दशकाच्या मध्यावर थांबली. पुन्हा सुरू झाली ती २००१ मध्ये. मधली पंधराएक वर्षे म्हणजे ‘मारुती’ पसरला तोच काळ, आणि त्या काळाचा सलग घरोघरी हिशेब या गावांतून मिळत नाही. मला हा निर्णय आजही चुकीचा वाटतो. २००९ नंतर ती पूर्व भारतात आणि बांगलादेशातही वाढवली गेली, पण तुटलेला धागा त्याने जोडला गेला नाही.

दरम्यान मोजमापाची भाषा बदलली. २०१०च्या सुमारास गटाची पुनर्रचना झाली, आणि निधी मागताना प्रस्तावातच संशोधनापासून शेतकऱ्याच्या घरापर्यंतचा मार्ग रेखाटून द्यावा लागू लागला. दुसरीकडे पुरावा कडक झाला. शेतकऱ्याला वाणाचे नाव विचारण्याऐवजी पानाचा तुकडा घेऊन डीएनए तपासणी होऊ लागली, आणि बऱ्याच ठिकाणी सांगितलेले नाव व शेतातले पीक जुळले नाही. जुने प्रसाराचे आकडे काही पिकांत जास्त, काहींत कमी धरले गेल्याचे त्यातून दिसले.

डीएनए तपासणीने आज शेतातली तूर ‘मारुती’ आहे की नाही ते सांगता येते. २००१ चा आपला वाणसंरक्षण कायदा वाणाच्या जडणघडणीतला शेतकऱ्याचा वाटाही मान्य करतो. परताव्याच्या हिशेबात संशोधनाचा खर्च येतो, प्रसाराचा येतो. ज्या शेतातून तो पहिला नमुना उचलला, त्याच्यासाठी अजून रकाना नाही.