लाटेक् अक्षरजुळणी-प्रणालीच्या सुधारणेसाठी स्वयंसेवक-भरती

टेक् आणि तिच्यावर उभारलेली लाटेक् ही संगणकावरील अक्षरजुळणीची जुनी, स्थिरावलेली प्रणाली असून तिची देखभाल, चाचणी, माहितीलेखन आणि वेगवेगळ्या भाषांसाठी लागणारी जोडणी ही कामे मुख्यत्वे विनावेतन काम करणाऱ्या माणसांकडून होतात. अशी माणसे शोधणे, त्यांना पेलेल एवढे काम नेमून देणे आणि झालेले काम तपासून मूळ प्रणालीत सामावून घेणे, या सगळ्या व्यवहाराला येथे स्वयंसेवक-भरती म्हटले आहे. नोकरभरतीशी तिचे साम्य नावापुरतेच आहे. जाहिरात निघते, पण पदवीची अट नसते, आणि रुजू झालेला माणूस कोणत्याही दिवशी, सांगून वा न सांगता, निघून जाऊ शकतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील डोनाल्ड क्नूथ यांनी 1977 मध्ये आपल्या ग्रंथाच्या एका खंडाची नवी मुद्रिते पाहिली आणि त्यांतील गणिताची मांडणी पसंत न पडल्याने स्वतःच अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली. ती 1978 मध्ये चालू झाली आणि 1982 मध्ये नव्याने लिहिली गेली. 1990 मध्ये तिसरी आवृत्ती देताना त्यांनी जाहीर केले की यापुढे टेक्-मध्ये नवी सोय घातली जाणार नाही, फक्त चुका दुरुस्त होतील. तेव्हापासून प्रत्येक दुरुस्तीबरोबर आवृत्तीच्या क्रमांकात पाय (π) या गणिती स्थिरांकाचा एकेक अंक वाढतो. 2021 मधील दुरुस्तीनंतर तो 3.141592653 झाला. आपल्या ग्रंथांतील चूक दाखवणाऱ्याला 2.56 डॉलरचा धनादेश देण्याची त्यांची 2008 पर्यंतची पद्धत प्रसिद्ध आहे, आणि तो बहुतेकांनी वटवण्याऐवजी चौकटीत लावला. मराठवाड्यातील वाचकाला या बंधनाची जात ओळखीची वाटेल. पैठणला एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये, घातल्यास ती अमृताच्या ताटात नरोटी ठरेल, असे बजावून ठेवले. पाठ शुद्ध करणे आणि पाठात भर घालणे या दोन कामांतला हाच फरक टेक्-च्या स्वयंसेवकाला पहिल्या दिवशी समजून घ्यावा लागतो.

भर घालायला जागा आहे ती टेक्-च्या वरच्या थरांत. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1980 च्या दशकात लाटेक् तयार केली. 1989 मध्ये तिची जबाबदारी फ्रांक मिटेलबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे गेली. 1994 मध्ये आजही चालू असलेली लाटेक्-टू-ई ही आवृत्ती आली. मधल्या काळात लाटेक्-थ्री नावाचा मोठा प्रकल्प आखला गेला होता. त्याचा गाभा मोजक्याच माणसांच्या हाती राहणार होता, पण त्याच्या आजूबाजूची पुष्कळ कामे बाहेरच्यांना करता येण्यासारखी होती. म्हणून त्या गटाने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीलाच स्वयंसेवकांसाठी कामांची यादी प्रसिद्ध केली. एकेका कामाचे वर्णन, त्याची व्याप्ती, आणि गाभ्यातील कामाची वाट न पाहता ते स्वतंत्रपणे करता येईल अशी मांडणी, हे त्या यादीचे वैशिष्ट्य होते. जुन्या लाटेक्-चे वर्तन तपासणाऱ्या चाचणी-फाइली लिहिणे हे त्यांपैकीच एक काम. प्रस्तुत लेखकाच्या मते भरतीचे खरे तंत्र या यादीतच आहे, कारण ‘मदतीला या’ असे म्हटल्याने माणसे येतात, आणि ‘हे एवढे करा, असे झाले की झाले म्हणायचे’ असे सांगितल्याने ती टिकतात.

चाचणी-फाइल ही वस्तू बाहेरून क्षुल्लक दिसते. दहाबारा ओळींचा मजकूर संगणकाला जुळवायला द्यायचा आणि कोणत्या पेटीत कोणते चिन्ह, किती रुंदीचे, किती अंतरावर बसले याची प्रणालीने केलेली मजकुरी नोंद जपून ठेवायची. उद्या कोणी आतील एखादी आज्ञा बदलली की तीच फाइल पुन्हा चालवतात आणि नवी नोंद जुन्या नोंदीशी ओळीस ओळ ताडतात. फरक पडला तर बदल करणाऱ्याला थांबावे लागते. क्नूथ यांनी स्वतः टेक्-साठी अशीच एक मुद्दाम वेडीवाकडी फाइल लिहिली, आणि ती जी प्रणाली बिनचूक पार करणार नाही तिला टेक् हे नाव लावता येत नाही. स्थिरावलेल्या प्रणालीत सुधारणेइतकेच महत्त्व जुने कागद न बिघडण्याला असते. तीस वर्षांपूर्वी लिहिलेला प्रबंध आजही तसाच छापून निघाला पाहिजे, ही येथील वापरकर्त्यांची अपेक्षा आहे.

देवनागरीसाठीची कामे : देवनागरीला टेक्-मध्ये पहिली भक्कम जागा नेदरलँड्समधील फ्रान्स व्हेलटाउस यांच्या 1991 मधील संचाने (मूळ प्रणालीला जोडायच्या तयार सामग्रीने) मिळाली. त्यात मजकूर रोमन लिपीत ठरावीक खुणांनी लिहून पूर्वप्रक्रियेने देवनागरीत आणावा लागे. 2004 मध्ये जोनाथन क्यू यांची झीटेक् ही टेक्-वर आधारलेली प्रणाली आली आणि युनिकोडमधील (सर्व लिप्यांसाठीच्या समान संकेतनातील) मराठी थेट लिहिता येऊ लागली. पुढे टेक्-च्याच लुआटेक् या दुसऱ्या रूपालाही हार्फबझ या अक्षरघडणीच्या संग्रहाची जोड मिळाली आणि 2018 पासून लाटेक् मजकुराचे यूटीएफ-8 हे संकेतन गृहीत धरू लागली. एवढे झाल्यावर मराठीचे काम संपले असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात यापुढील काम प्रोग्रॅमरच्या नजरेला दिसतच नाही.

‘शेतकऱ्यांसाठी’ हा मराठवाड्यातील कोणत्याही पुस्तिकेत पानोपानी येणारा शब्द घेऊ. त्यातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त, तर दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह असते. कागदावर दोन्ही सारखेच दिसले तरी सूचीत तोच शब्द दोन नोंदींत विभागला जातो आणि शोध घेतल्यास निम्म्या जागा सापडत नाहीत. जोडचिन्ह कुठे गळले तर ‘शेतकर्यांसाठी’ असा रफार डोक्यावर बसतो आणि लेखक अशुद्ध ठरतो. टंक (फाँट) निवडताना भाषा मराठी असल्याचे सांगितले नाही तर पुष्कळ टंकांत ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात, मराठीसाठी वेगळी घडवलेली रूपे आत असूनही वापरली जात नाहीत. महाराष्ट्र शासनाने 2009 मध्ये वर्णमालेविषयी काढलेल्या निर्णयात मराठीची रूपे कोणती ते ठरवून दिले आहे. तेव्हा तपासणी कशाशी ताडून करायची हा प्रश्न उरत नाही, तपासणारा मात्र हवा. सूचीत ळ हा ह-नंतर लावायचा, हेही असेच एक काम.

शब्दतोडीचा प्रश्न याहून नाजूक आहे. फ्रँकलिन लिआंग यांनी 1983 च्या प्रबंधात मांडलेल्या पद्धतीने टेक् शब्द तोडते, आणि मराठीसाठी त्या पद्धतीचे नमुने टेक् लाइव्ह या वितरणात आहेत. ते अक्षरांवर आधारलेले असल्याने स्वरचिन्हानंतर किंवा व्यंजनाआधी तोड चालते, पण हलन्तापाशी चालत नाही. म्हणून ‘मराठवाड्यातील’ हा शब्द ‘मराठवा-ड्यातील’ असा तुटू शकतो. उच्चाराच्या दृष्टीने त्यात चूक नाही, पण खिळे जुळवण्याच्या काळापासून चालत आलेली मुद्रितशोधकाची नजर ‘मराठवाड्या-तील’ अशीच तोड मागते. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये कुठे सुरू होतात हे नमुन्यांना कळायचे असेल तर कोणीतरी हजारो शब्द हाताने तोडून दाखवले पाहिजेत. त्यासाठी लागते मराठी. संगणकशास्त्र फारसे लागत नाही.

मराठवाड्यातील मनुष्यबळ : छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ (1958), परभणीचे कृषी विद्यापीठ (1972) आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ (1994) यांच्याभोवती प्रबंध, प्रश्नपत्रिका, क्रमिक टिपणे आणि पुस्तिका जुळवण्याचा मोठा व्यवसाय उभा आहे. गणित, भौतिकी व संगणकशास्त्राचे संशोधक लाटेक् इंग्रजीतून वापरतात. मराठी मजकूर मात्र बहुधा विद्यापीठाच्या रस्त्यावरील डीटीपीच्या दुकानात जातो. या दोन मंडळींची गाठ सहसा पडत नाही, आणि भरती करणाऱ्याने ती घालून देणे हेच येथले अर्धे काम आहे. ज्याने वीस वर्षे श्रीलिपी या भारतीय लिप्यांच्या संगणक-प्रणालीत पाने लावली, त्याला आज्ञावली येत नसेल, पण रफार वेलांटीला कुठे टेकतो, तक्त्याच्या रकान्यात मराठी मजकूर का फुगतो आणि जुन्या टंकातून युनिकोडमध्ये आणताना नेमकी कोणती जोडाक्षरे फुटतात, हे तो झोपेतही सांगेल. त्याला ‘लाटेक् शिका’ म्हणून बोलावल्यास तो येत नाही, कारण दुकान बंद ठेवणे परवडत नाही. ‘ही चार पाने छापून आणली आहेत, खटकेल तिथे लाल करा’ असे म्हटले की तो चहा मागवतो आणि पेन काढतो.

या भागाची आणखी एक जमेची बाजू आहे, जी पुण्या-मुंबईकडे इतक्या सहज मिळणार नाही. 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने येथील महसुली कागदांत उर्दू आहे आणि मोडीही आहे. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधात हे कागद पुन्हा बाहेर निघाले व ते वाचणाऱ्यांना मागणी आली. मोडी 2014 मध्ये युनिकोडमध्ये दाखल झाली आहे. एकाच पानावर उजवीकडून वाचायची उर्दू, मधे मोडीची ओळ आणि खाली देवनागरी लिप्यंतर, असे पान कोणत्याही अक्षरजुळणी-प्रणालीची कसून परीक्षा घेते, आणि ते बरोबर जुळले की नाही हे सांगू शकणारी जुनी माणसे बीड-परभणीकडे अजून भेटतात.

भरतीची रीत आणि तिच्या अडचणी : नव्याने आलेल्याला पहिले काम म्हणून किमान उदाहरण तयार करायला देणे इष्ट असते. समजा, एखाद्या संशोधिकेच्या अडीचशे पानांच्या प्रबंधात तळटीपेचे अंक कधी देवनागरी तर कधी रोमन उमटतात. सगळा प्रबंध पाठवला तर देखभाल करणारा तो उघडणारही नाही. प्रकरणे एकेक करून काढायची, मग संच काढायचे, प्रत्येक वेळी दोष टिकून आहे का ते पाहायचे, आणि शेवटी उरलेल्या बारा ओळी पाठवायच्या. बऱ्याचदा आठव्या-नवव्या छाटणीतच दोष कोणत्या दोन संचांच्या भांडणातून येतो ते उघड होते आणि तक्रार करणाराच दुरुस्ती सुचवतो. हे कौशल्य एका दुपारी शिकवता येते. दोन दिवसांची कार्यशाळा, दीपप्रज्वलन आणि शेवटी प्रमाणपत्र या साच्यातून मात्र उपस्थिती मिळते, स्वयंसेवक क्वचित मिळतात. ज्याच्या हातून एक तरी दोष मार्गी लागला तोच पुन्हा येतो.

अडचणींपैकी भाषेची अडचण सांगितली जाते तेवढी मोठी नाही. दोषाची नोंद इंग्रजीत करावी लागते खरी, पण बारा ओळींचे उदाहरण आणि दोन चित्रे सोबत असली की चार वाक्ये पुरतात, आणि ती लिहून देणारा एक मध्यस्थ गटात असला की झाले. मानाची अडचण खरी आहे. महाविद्यालयीन अध्यापकाच्या कामात एखाद्या संचाच्या दुरुस्तीला शोधनिबंधासारखी गणती मिळत नाही. संपूर्ण टेक् लाइव्ह अनेक जीबींची असल्याने ती प्रयोगशाळेतून पेन-ड्राइव्हवर हातोहात फिरवावी लागते. वेळापत्रकाची अडचण तर अगदी स्थानिक आहे. अलीकडे लाटेक्-ची नवी आवृत्ती साधारण जूनच्या आणि नोव्हेंबरच्या आरंभी येते आणि तिचे चाचणीसाठीचे रूप त्याआधी खुले होते. म्हणजे तपासणाऱ्यांची गरज मे आणि ऑक्टोबर महिन्यांत सर्वांत जास्त. मे महिना परीक्षा आणि उत्तरपत्रिकांचा, तर ऑक्टोबरात लातूर-धाराशिवकडचा निम्मा वर्ग सोयाबीनच्या काढणीला गावी. तेव्हा येथील गटाने चाचणी-फाइली पावसाळ्यातच लिहून ठेवाव्यात आणि ऑक्टोबरात त्या नुसत्या चालवाव्यात, हाच व्यवहार्य मार्ग दिसतो.

संचाचा मूळ कर्ता काम सोडून गेला तर काय, याचीही तरतूद लाटेक्-च्या परवान्यात आहे. सांभाळ करणारा सापडला आणि त्याने होकार दिला तर नवा माणूस लगेच सूत्रे घेतो. तो सापडतच नसेल तर, तलाठी फेरफाराची नोटीस लावतो तसे, आपण हा संच सांभाळू इच्छितो असे वापरकर्त्यांच्या समाजात जाहीर करून तीन महिने थांबावे लागते. त्या मुदतीत जुन्या कर्त्याने, हक्कधारकाने वा इतर कोणी हरकत घेतली नाही तर परवान्यानुसार देखभालीची जबाबदारी जाहीर करणाऱ्याकडे येते.